फ्रीज चालू, पण थंडावा नाही?

पावसाळ्यापूर्वी शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायची असते. फलटण भागात ज्यांच्या घरी ही लस फ्रीजमध्ये ठेवली जाते, त्यांनी ध्यानात ठेवावे की ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच टिकते. फ्रीज बिघडला तर लस टोचूनही कळप उघडाच राहतो.

पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी पारा 8 च्या वर दिसला, तर क्रमाने पाहावे :

1. कॉम्प्रेसर घुरघुरून 'टक्' असा बंद पडतो का? विहिरीवरच्या मोटारी थांबल्यावर नीट चालत असेल, तर व्होल्टेज कमी पडते. स्टॅबिलायझर बसवावा.

2. दारात कागद धरून दार लावावे व कागद ओढावा. सहज निघाला तर रबर ढिले झाले आहे.

3. प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ झाडावी. फ्रीज भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा.

4. बर्फाचा जाड थर साचला असल्यास प्लग काढून वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळी फुटून गॅस जातो.

5. कॉम्प्रेसर सतत चालतो, पण मागची जाळी गारच राहते, तर बहुधा गॅस गेला आहे. हे काम मेकॅनिकचेच.

लस दाराच्या कप्प्यात किंवा बर्फाच्या खणात ठेवू नये. गोठलेली वा उबलेली लस टोचू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. बाटलीचे पैसे गेले तरी चालतील, कळप जाऊ नये.