नियम असा का? : निळ्या पाटीखालची जागा

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. निळी चौकोनी पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात एक माणूस, आणि तो माणूस चाकाच्या खुर्चीत बसलेला. कुठं पाहिलीय? रेल्वे स्टेशनवर, मोठ्या दवाखान्यात, नव्या सरकारी इमारतीत... शाब्बास! आता जरा अवघड प्रश्न. त्या पाटीखाली काय पाहिलंय?

खरं खरं सांगा हं. बहुतेक जण म्हणतील, “मोटारसायकली!”

तर आज याच पाटीची गोष्ट. ही पाटी आली कुठून, तिच्याखालची जागा कुणाची, ती बळकावली तर दंड किती, आणि मुळात ती जागा एवढी मोठी कशाला, हे सगळं पाहू. आई-बाबांनीही वाचायला हरकत नाही. गाडी शेवटी तेच लावतात!

पाटीवरचं चित्र काढलं सुसान कोफोड नावाच्या एका डॅनिश मुलीनं, 1968 साली. तेव्हा ती शिकत होती. गंमत म्हणजे तिच्या चित्रात नुसती खुर्ची होती, माणसाला डोकंच नव्हतं! पुढच्या वर्षी कार्ल मोंटान या गृहस्थांनी वर एक गोल काढला आणि खुर्चीत माणूस बसला. तेव्हापासून हे चित्र जगभर फिरतंय. भाषा कुठलीही असो, अर्थ एकच : इथून चाकाच्या खुर्चीला जाता येतं.

आता जागेकडे वळू. आपल्याकडच्या बांधकाम नियमांत साध्या मोटारीसाठी अडीच मीटर रुंद जागा धरतात. अपंग व्यक्तीच्या मोटारीसाठी मात्र ती किमान 3.6 मीटर रुंद हवी, आणि इमारतीच्या दारापासून 30 मीटरच्या आत हवी. महाराष्ट्राच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीतही हे आहे. ती वाशीमला लागू आहे, कारंजाला आहे आणि रिसोडलाही आहे. “काऊन बरं एवढी जागा? त्यांची मोटार काय जाडी असते?” असं कुणी विचारेलच. मोटार तेवढीच असते हो! पण वजाबाकी करून पाहा. 3.6 मधून 2.5 गेले, उरले 1.1 मीटर. त्या उरलेल्या जागेत चाकाची खुर्ची उभी राहते. मोटारीचं दार पूर्ण उघडायचं, खुर्ची दाराला भिडवायची आणि सीटवरून खुर्चीत सरकायचं. शेजारी कुणी मोटारसायकल घुसवली, तर दार अर्धंच उघडतं आणि माणूस आत अडकून बसतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात अपंग माणसाकडे मोटार असते कुठं? मुद्दा अगदी बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यात बहुतेकांकडे असते हातानं चालवायची तीनचाकी सायकल, नाहीतर मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. आणि ही वाहनं नेमकी जास्त अडतात. साधी मोटारसायकल दोन गाड्यांच्या मधल्या फटीत घालता येते. जादा चाकांची स्कूटर तशी घालता येत नाही, आणि ती उचलून बाजूला सरकवण्याइतकं बळ तिच्या मालकाच्या पायात नसतं. म्हणून जागा हवी. नुसती मोटारीची पाटी लावून आपल्याकडचं काम भागणार नाही, असं माझं मत आहे. स्कूटर आणि तीनचाकी सायकलीसाठीही रेघा मारायला हव्यात.

आणि त्याहून मोठी अडचण उताराची, म्हणजे रॅम्पची. नियम सांगतो की उतार 1 ला 12 पेक्षा उभा नको. म्हणजे एक फूट चढायचं असेल तर उतार 12 फूट लांब हवा. तुमच्या शाळेला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर दीड फूट उंची झाली. गुणिले 12, उतार किती? 18 फूट! एवढा लांब, गुळगुळीत, मोकळा उतार दिसला की लोकांना काय सुचतं? बरोबर ओळखलंत. गाडी लावायला मस्त जागा!

मागे एकदा मी एका तालुक्याच्या गावी बँकेत गेलो होतो. तिथं उतार होता, निळी पाटीसुद्धा होती आणि उताराच्या तोंडाशी पाच मोटारसायकली होत्या. बाहेर तीनचाकी सायकलवर एक मध्यम वयाचे गृहस्थ ऊन खात थांबले होते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला खेड्यावरून आले होते. एका गाडीवर सातवी-आठवीतला एक मुलगा बसला होता. बिचारा उतरला, गाडी सरकवायला लागला, पण हँडलला कुलूप! “बाबा येतातच आता, काका,” म्हणाला. असे सगळ्यांचेच बाबा “येतातच” होते. त्या मुलाचे वडील आले तेव्हा हसतच म्हणाले, “दोन मिन्टाचं तं काम होतं!” यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “तुमची दोन मिन्टं, भाऊ. पण गाड्या पाच हायेत.” त्यांचा नंबर लागेपर्यंत पैसे देणारी खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी परत यायचं, एवढ्या लांबून, हातानं पायडल मारत!

त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. गाडी त्याची नव्हती, कुलूपही त्याचं नव्हतं, पण शरमला तोच.

बरं, आता दंडाकडे येऊ. इथं दोन वेगवेगळे कायदे आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिला मोटार वाहन कायदा, 1988 चा. चुकीच्या जागी गाडी लावली तर साधारणपणे त्याच्या 177 व्या कलमाखाली दंड होतो. पूर्वी हा दंड पहिल्या वेळी 100 रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 300 रुपयांपर्यंत होता. एवढा दंड तर लोक हसत हसत भरायचे. 2019 साली संसदेनं कायदा बदलला आणि हे आकडे 500 आणि 1500 केले. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर 2021 मध्ये लागू झाले. शिवाय मनाई असलेल्या जागेवरची गाडी पोलिसांना उचलून नेता येते आणि तो खर्च मालकाकडून घेता येतो. (जाता जाता : गाडी लावणारा तुमच्याच वयाचा निघाला तर मामला फार महाग पडतो. 2019 च्या त्याच बदलानं अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आई-बाबा, वाचताय ना?)

याच कायद्यातली आणखी एक गंमत सांगतो. अपंगांसाठी बनवलेल्या वाहनाला मूळ कायद्यात इंग्रजीत जो शब्द होता, त्याचा अर्थ “दुबळ्याची गाडी” असा काहीसा निघे. 2019 मध्ये तो काढून “जुळवून घेतलेलं वाहन” अशा अर्थाचा शब्द घातला. बरं केलं.

दुसरा कायदा खास अपंगांच्या हक्कांचा. पहिला 1995 साली झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं होतं. रस्ते आणि इमारती सोयीच्या करा असं त्यात म्हटलं होतं खरं, पण “ऐपतीप्रमाणे” असं शेपूटही जोडलं होतं! ऐपत नाही म्हटलं की संपलं. नवा कायदा 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. यात प्रकार झाले 21. बसथांबे, रेल्वे स्टेशनं आणि विमानतळांवर अपंगांना सोयीची पार्किंगची जागा हवी, हे कायद्यातच लिहिलं आहे. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा मोडला तर 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत! म्हणजे ज्यानं जागा ठेवायची त्यानं ती ठेवलीच नाही, तर त्याचाही हिशेब आहे.

आणि 91 वं कलम तर नीट लक्षात ठेवा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठीची सवलत कुणी लबाडीनं घेतली, किंवा घ्यायचा नुसता प्रयत्न केला, तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. जुन्या कायद्यात हाच दंड 20 हजारांपर्यंत होता. विसरून किंवा घाईत गाडी लावली, तर ती बेपर्वाई. पण धडधाकट माणसानं काचेवर निळं चित्र चिकटवून ती जागा रोज वापरली, तर ती लबाडीच नाही का?

लबाडीवरून वाशीमकरांना एक प्रकरण आठवेल. जुलै 2024 मध्ये पूजा खेडकर या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्यांची पुण्याहून वाशीमला बदली झाली आणि आपला जिल्हा देशभरच्या पेपरांत झळकला. खासगी मोटारीवर दिवा आणि सरकारी पाटी लावल्यावरून बोभाटा सुरू झाला आणि मग अपंगांच्या राखीव जागेचा गैरफायदा घेतल्याच्या आरोपापर्यंत गेला. लोकसेवा आयोगानं 31 जुलै 2024 ला त्यांची निवड रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं त्यांना सेवेतून काढलं. त्यांनी आरोप नाकारले आहेत, आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना अटकपूर्व जामीनही दिला. कोण खरं, कोण खोटं, हे ठरवायला कोर्ट आहे. आपण इथं तो निवाडा करायचा नाही. पण एक पाहा : नोकरीतली राखीव जागा आणि दारासमोरची राखीव जागा, दोन्हींमागचा विचार एकच आहे.

परदेशात काय होतं? इंग्लंडमध्ये 1971 पासून अपंगांच्या मोटारीला खास बिल्ला मिळतो. आधी तो नारिंगी होता, 2000 साली निळा झाला. दुसऱ्याचा बिल्ला वापरताना सापडलात तर हजार पौंडांपर्यंत दंड. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अशा जागेवर विनापरवाना गाडी लावली तर पहिल्याच वेळी कमीत कमी 250 डॉलर! आमच्या 500 रुपयांना तिथं कुणी विचारणार नाही. तरी मला वाटतं, आपल्याकडे आकडा कमी आहे हे दुखणं नाहीच. पावती फाडायला कुणी येत नाही, हे दुखणं आहे.

नियम कागदावर राहतात ही तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंतही गेली आहे. राजीव रतुरी यांना दिसत नाही. त्यांनी 2005 साली अर्ज केला की रस्ते आणि इमारती आमच्यासारख्यांना वापरता येतील अशा करा. 2017 साली कोर्टानं सरकारला कामांच्या तारखा ठरवून दिल्या. मग 8 नोव्हेंबर 2024 ला कोर्टानं पुन्हा सरकारचे कान धरले. कायदा “करावंच लागेल” म्हणतो, आणि तुमचे नियम नुसत्या शिफारशी कसे करतात? तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असा तो आदेश. मोजा पाहू, 2005 ते 2024. पहिलीतलं पोरगं पदवीधर होऊन नोकरीलाही लागलं असतं!

आता एक सावधगिरीची गोष्ट. हे वाचून उत्साहानं कुणावर धावून जाऊ नका. निळ्या पाटीखाली मोटार थांबली आणि त्यातून माणूस चालत उतरला, तर लगेच “खोटारडा!” म्हणायचं नाही. 21 प्रकारांमध्ये सिकलसेलही आहे, आणि आपल्या विदर्भात त्याचे रुग्ण बरेच आहेत. वरून धडधाकट दिसणारं पोर अचानक सांधेदुखीनं कळवळतं. कृत्रिम पाय पँटच्या आत दिसत नाही. खात्री करायचं काम पोलिसांचं, त्यासाठी सरकारी ओळखपत्र असतं.

मग आपण काय करायचं? शाळा, बँक, दवाखाना यांच्या साहेबांना साधं पत्र लिहायचं. दहा जणांच्या सह्या असल्या तर उत्तम. दाद मिळाली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं तक्रार जाते. केंद्र सरकारनं मार्च 2021 मध्ये “सुगम्य भारत” नावाचं ॲप काढलं, त्यावर अडलेल्या उताराचा फोटो टाकता येतो. फोन आईचा घ्या, विचारून घ्या.

हो, “अपंग” म्हणायचं की “दिव्यांग” यावर मोठी माणसं बरीच वाद घालतात. 2015 च्या शेवटापासून सरकारी कागदांत दुसरा शब्द आला. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढलं, त्याच्याही नावात तोच शब्द आहे. तुमच्या वर्गात कुणी असेल तर त्याला त्याच्या नावानं हाक मारा, वाद मिटला.

या रविवारचं काम सांगतो. शिंप्याची किंवा गवंड्याची टेप घ्या, सोबत एक मित्र घ्या. तुमच्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या नाहीतर एसटी स्टँडच्या पायऱ्यांची उंची मोजा आणि उतार असेल तर त्याची लांबी मोजा. उंची गुणिले 12 इतकी लांबी भरते का? उताराच्या तोंडाशी किती गाड्या उभ्या आहेत, आणि त्यांतल्या किती एमएच-37 च्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या? एका पोस्टकार्डावर आकडे लिहून पाठवा. गावाचं नाव लिहायला विसरू नका, गाडीवाल्याचं मात्र लिहू नका.