धोका नव्या बर्फाइतकाच जुन्या थराचा

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी उत्तराखंडमध्ये बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले. कंटेनरमध्ये राहणारे ५४ कामगार अडकले. ४६ वाचले, आठ जणांचा मृत्यू झाला. संरक्षण संशोधन क्षेत्रातील चंडीगडच्या ‘डीजीआरई’ या संस्थेने आदल्या सायंकाळीच चमोलीसह अन्य जिल्ह्यांच्या उंच भागांसाठी इशारा दिला होता. वादळापूर्वी हा धोका कसा ओळखतात?

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर साचत जातो. मध्ये निरभ्र, कडाक्याच्या थंडीचे दिवस गेले, की खालची जमीन तुलनेने उबदार आणि वरची हवा गोठवणारी, अशा फरकामुळे पातळ थरातील बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर पश्चिमी झंझावाताने दोन-तीन फूट ताजा बर्फ टाकला, की साखरेवर लादी ठेवल्यासारखी स्थिती होते. वारा कड्याच्या आडोशाला बर्फ आणून टाकतो, तेव्हा हा भार आणखी वाढतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर अशी लादी घसरण्याची शक्यता सर्वाधिक असते.

म्हणूनच किती बर्फ पडणार एवढेच कळून भागत नाही. तो कशावर पडणार, हेही पाहावे लागते. जाणकार सुरक्षित जागी, पण धोक्याच्या उताराशी मिळत्याजुळत्या दिशेला खड्डा खणतात. ३० सेंटिमीटर लांब-रुंद खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि थापा मारतात: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. थोड्याच थापांत थर सपाट निसटला, तर तो उतार टाळायचा. खांब टिकला म्हणजे सारा डोंगर सुरक्षित, असे मात्र नाही; पन्नास पावलांवरचा थर वेगळा असू शकतो.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर तो वाचण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर गुदमरल्याने ती झपाट्याने घटते. दुर्गम भागात बचाव पथक इतक्या लवकर क्वचितच पोहोचते. त्यामुळे खरा बचाव निघण्यापूर्वीच्या निर्णयात आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रातून केदारकंठा किंवा गुलमर्गला जाणाऱ्यांनीही हवामानाच्या अंदाजाबरोबर हिमस्खलनाचा इशारा पाहावा आणि तो असेल, तर बेत बदलावा. सुटी पुन्हा काढता येते.