'ध' पुरेसा आहे

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की तो कोणत्या गुन्ह्याच्या पोटी जन्मला, याची आठवण तो वापरणाऱ्याला राहत नाही. कागदपत्रात लबाडी करणे, एवढाच अर्थ आता त्याला उरला आहे. भाषेत असे होतच असते; त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाक्प्रचाराच्या कर्त्याविषयी. 'ध'चा 'मा' कोणी केला, असे विचारले की मराठी माणूस क्षणाचाही विलंब न लावता आनंदीबाईचे नाव घेतो. मुळात 'ध' कोणी लिहिला, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. एका वाक्प्रचाराने एका राजकीय अपराधाचा कर्ता बदलला, आणि आपली नाटके, कादंबऱ्या व त्यांच्यावरची समीक्षा त्या बदललेल्या कर्त्याचीच चर्चा करीत राहिली.

घटना सर्वांना माहीत आहे, तरी ती पुन्हा मांडणे भाग आहे. श्रीवर्धनची देशमुखी सांभाळणाऱ्या आणि सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेलेल्या भटांच्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथाला शाहू छत्रपतींनी 1713 साली पेशवेपद दिले. त्यानंतर साठ वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, त्याच बाळाजीच्या अठरा वर्षांच्या पणतूला, नारायणरावाला, शनिवारवाड्यात गारद्यांनी ठार केले. कट बाळाजीच्या नातवाच्या, म्हणजे रघुनाथरावाच्या, संमतीने झाला. पुतण्याने काकाला मिठी मारून जीव वाचवण्याची याचना केली, असे बखरी आणि इतिहास सांगतात. थोड्याच दिवसांत सातारकर छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावाकडे आली. राज्याचा प्रमुख त्याच्याच वाड्यात, त्याच्याच पगारी सैनिकांकडून मारला जावा आणि त्या कृत्याचा लाभार्थी विधिवत् राज्यप्रमुख व्हावा, याला भाऊबंदकी म्हणणे हा शब्दांचा सौम्य वापर झाला. हा राज्यसंस्थेवरचा हल्ला होता.

ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात चिठ्ठीची कथा येते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. रघुनाथरावाने नारायणरावाला पकडण्याची आज्ञा दिल्याचे कबूल केले, मारण्याची नव्हे. चिठ्ठी तपासता 'धरावे'चे 'मारावे' झालेले दिसले. आणि हा फेरफार आनंदीबाईने केला असा सर्वसाधारण समज आहे. या शेवटच्या कलमाकडे पाहावे. अक्षर बदललेले दिसले, हे निरीक्षण आहे. ते आनंदीबाईने बदलले, हा समज आहे. दीडशे-दोनशे वर्षांच्या मराठी वाङ्मयाने निरीक्षणाला बाजूला सारून समजावर इमारत उभी केली. महत्त्वाकांक्षी, कारस्थानी स्त्री आणि तिच्या मुठीतला दुबळा पुरुष ही जोडी रंगभूमीला सोयीची असते. प्रेक्षकालाही सोयीची असते, कारण राजकीय अपराध घरगुती होतो आणि घरगुती अपराधासाठी बाईला दोष देण्याची सवय आपल्याला आधीपासूनच आहे.

जुन्या पिढीची समीक्षा या जोडीकडे शोकात्म नाट्य म्हणून पाहत असे: राघोबाच्या स्वभावातील दौर्बल्य, त्याच्या अटकेच्या स्वारीचे वैभव आणि नंतरचा अधःपात. हे वाचन निदान माणसाला माणूस समजत होते. आता नव्या सिद्धान्तांचे वाचन आले आहे. या वाचनाला चिठ्ठी फार प्रिय. एका अक्षराच्या बदलाने अर्थ उलटा होतो, मूळ संहिता हाती नाही, लेखक कोण हे अनिर्णित, म्हणून जबाबदारीही अनिर्णित, असा हा युक्तिवाद आहे. चिठ्ठी हे चिन्हांच्या लीलेचे उदाहरण ठरते, आणि खून तिचे निमित्त. आमच्या विद्यापीठीय चर्चासत्रांतून हे ऐकताना मला नेहमी वाटते, राघोबाला असा वकील मिळाला असता तर त्याला सुरतेला जाण्याची गरज पडली नसती.

या वाचनातील चूक सिद्धान्तात नाही. अर्थ अस्थिर असतो, हे मान्य. चूक अशी की कोणत्या दोन पर्यायांमध्ये अर्थ अस्थिर आहे, हे पाहिलेच जात नाही. एका बाजूला 'मारावे' आणि दुसऱ्या बाजूला निरपराधित्व, अशी ही निवड नाही. एका बाजूला 'मारावे', दुसऱ्या बाजूला 'धरावे'. पगार थकल्याने खवळलेल्या सशस्त्र गारद्यांना राज्याच्या प्रमुखाला त्याच्या वाड्यात शिरून धरण्याची आज्ञा देणे, हे काय आहे? ज्या राज्यात ही आज्ञा बंड ठरत नाही, त्या राज्याला राज्य म्हणता येत नाही. चिठ्ठीतील अक्षरबदलाने अपराधाची मात्रा ठरेल. अपराध झाला की नाही, हे त्याने ठरत नाही. 'ध' पुरेसा आहे.

हे केवळ नैतिक मत नव्हे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 111 व्या कलमात नेमकी हीच परिस्थिती कल्पिली आहे: चिथावणी एका कृत्याची, घडले दुसरेच. घडलेले कृत्य त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर चिथावणी देणारा त्या दुसऱ्या कृत्यालाही जबाबदार राहतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हे तत्त्व 51 व्या कलमात ठेवले आहे. अठराव्या शतकातील पुण्याला हे कलम लावा, असे मी म्हणत नाही. तसे करणे कालविपर्यास होईल. पण हे सूत्र वकिलांनी शोधून काढलेले काही विलक्षण तत्त्व नाही. धरायला पाठवलेल्या तलवारी धरून थांबत नाहीत, हे शनिवारवाड्यातील खिदमतगारालाही कळत असणार. सुमेरसिंगाला 'धरा' म्हणणाऱ्याला ते कळत नव्हते, असे मानण्यासाठी फार मोठ्या वाङ्मयीन सहानुभूतीची गरज लागते, आणि ती आपण राघोबाला मुक्तहस्ताने दिली आहे.

रामशास्त्र्यांची कथा या सहानुभूतीची दुसरी बाजू आहे. राघोबाने प्रायश्चित्त विचारले, शास्त्र्यांनी देहान्त सांगितला आणि पुणे सोडून ते वाईकडच्या गावी गेले. या प्रसंगाचा मराठी माणसाला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त (1909) हा प्रसंग रंगभूमीवर आला तेव्हा टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. सत्ताधीशासमोर न झुकणारा न्यायाधीश पाहण्याची त्या प्रेक्षकाची भूक आपण समजू शकतो. 'प्रभात'चा 'रामशास्त्री' 1944 सालचा. त्याही काळाची भूक तीच. पण समीक्षेने ही भूक शमल्यावर तरी 'प्रायश्चित्त' या शब्दाशी थांबायला हवे होते. प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो. दंड राज्य देते. देहान्त प्रायश्चित्तासाठी अपराध्याची संमती लागते, आणि राघोबाने ती दिली नाही, यात आश्चर्य काय? शास्त्र्यांच्या निकालामागे उभे राहणारे हात नव्हते, कारण त्या हातांचा धनी तोच अपराधी होता. निकाल दिला गेला, न्याय झाला नाही. आपण निकालाची नाटके केली आणि न्याय झाल्याचे समाधान मानून घरी गेलो.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने (1972) हे समाधान मोडले, म्हणून त्या नाटकावर एवढा गदारोळ झाला, असे माझे मत आहे. ते ऐतिहासिक नाना फडणविसाशी प्रामाणिक आहे की नाही, हा वाद वेगळा. त्या नाटकाची रचना एका साध्या यंत्रावर उभी आहे: आज्ञा वरून येते, दगड खाली पडतात. कोतवाल मरतो, नाना उत्सव जाहीर करतो. 1773 च्या प्रकरणातही गारद्यांपैकी जे हाती लागले त्यांना बारभाईंनी देहदंड दिला. ज्याच्यासाठी त्यांनी तलवार उपसली त्याचा प्रश्न कोणत्याही न्यायासनापुढे सुटला नाही.

हे सगळे अडीचशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता आले असते. परंतु श्रीवर्धनचे नाव मराठी माणसाच्या कानावर दुसऱ्यांदा आले ते 1993 साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. 12 मार्चच्या मुंबईतील स्फोटांत 257 माणसे मेली. त्या खटल्यात 123 आरोपींपैकी 100 जण दोषी ठरले. त्यांत लाच घेऊन माल जाऊ देणारे जकात अधिकारी होते, पोलीस होते. त्यांना शिक्षा झाली ती योग्यच झाली. किनाऱ्यावर डोळे मिटणाऱ्याला 'मला पेटीत काय आहे ते माहीत नव्हते' असे म्हणून सुटता येऊ नये. येथे न्यायालयाने 'ध' पुरेसा मानला.

त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलीत 900 माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या कक्षेत पुढे दंगल आणि स्फोट दोन्ही आले, आणि आयोगाने त्यांच्यात कार्यकारणसंबंध पाहिला. फेब्रुवारी 1998 मध्ये सादर झालेल्या अहवालात शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्यावर ठपका होता. आयोगाचा निष्कर्ष हा न्यायालयीन निर्णय नसतो, हे खरे. पण न्यायालयापुढे काय झाले? 'सामना'तील अग्रलेखांबद्दल कारवाई व्हावी म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेली याचिका 1994 साली फेटाळली गेली. त्या निकालाचे वाचन वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य करावे. लेख समग्रतेने वाचले पाहिजेत, त्यातील टीका सर्व मुसलमानांवर नसून राष्ट्रद्रोही मुसलमानांवर आहे, असा तो अन्वयार्थ आहे. एका विशेषणाने नामाची व्याप्ती आवळली, आणि जबाबदारी संपली. समग्रतेने वाचायचे तर त्या दिवसांतले शहरही त्या समग्रतेत धरायला नको काय? कोणता लेख कोणत्या सकाळी, कोणत्या मोहल्ल्याशेजारी वाचला गेला, हे संहितेच्या बाहेरचे कसे? रूपवादाचे मराठीतील वय संपले असे आपण समजत होतो. ते न्यायालयात निवृत्तीनंतरची नोकरी करीत होते. पुढे 25 जुलै 2000 रोजी ठाकऱ्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण मुदतबाह्य ठरवले. मधुकर सरपोतदारांना 2008 साली एक वर्षाची शिक्षा झाली, हा अपवाद नोंदवला पाहिजे. पंधरा वर्षांनी आलेला अपवाद.

येथे माझ्यावर आक्षेप येईल की मी दोन्ही बाजूंनी बोलतो: संहितेची अनिर्णितता नाकारतो आणि अग्रलेखाचा अर्थ मात्र संदर्भातून फुगवतो. आक्षेप गंभीर आहे. माझे उत्तर असे की मी दोन्ही ठिकाणी एकच मागणी करतो आहे. शब्दाचा अर्थ काय, याबरोबर तो शब्द कोणाच्या हाती, कोणत्या हत्यारांच्या सान्निध्यात दिला गेला, हे विचारा. सामान्य लेखकाला मी हा नियम लावणार नाही. ज्याच्या शब्दावर माणसे हलतात त्याला लावीन. कवीने 'धरावे' लिहिले तर ती कविता आहे. हाताशी गारदी असलेल्याने लिहिले तर तो हुकूम आहे. हा भेद पुसला की राजद्रोहाचे कलम लेखकावर आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य पुढाऱ्याला, अशी उलटी वाटणी होते; आपल्याकडे ती बव्हंशी तशीच झालेली आहे.

बाहेरच्या जगाने या प्रश्नाची दोन उत्तरे अलीकडेच दिली आहेत. अमेरिकेत 6 जानेवारी 2021 रोजी संसदभवनावर चाल करून गेलेल्यांपैकी शेकडो तुरुंगात गेले. त्यांना उद्देशून भाषण करणाऱ्या अध्यक्षाच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1 जुलै 2024 रोजी पदावरील कृत्यांना खटल्यापासून व्यापक संरक्षण दिले. तो पुन्हा निवडून आला, खटला मागे घेतला गेला, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यानेच सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. राघोबाला गारद्यांना माफी देण्याइतका अवधी मिळाला नाही, एवढाच फरक. ब्राझीलमध्ये मात्र सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी अध्यक्ष बोल्सोनारोला सत्तापालटाच्या कटासाठी 27 वर्षे 3 महिन्यांची शिक्षा सुनावली. तेथेही कटाचे मसुदे होते, कोणता शब्द कोणी घातला वा गाळला यावर वाद होते. न्यायालय त्या वादात अडकून पडले नाही.

रघुनाथरावाचे पुढे काय झाले, हे आपल्या नाटकांत सहसा येत नाही, कारण ते नाट्यमय नाही. मार्च 1775 मध्ये सुरतेचा तह करून तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि त्याच्या दाव्यासाठी मराठी राज्याला सात वर्षे युद्ध भोगावे लागले. मे 1782 च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडला. त्या तहात नारायणरावाच्या खुनाबद्दल शिक्षेचे कलम नव्हते. राघोबाला दरमहा 25,000 रुपयांच्या नेमणुकीचे होते. डिसेंबर 1783 मध्ये तो कोपरगावास आजारपणाने वारला. तेरा वर्षांनी त्याचा मुलगा पेशवा झाला, आणि 1818 नंतर त्यालाही इंग्रजांनी ब्रह्मावर्तास वर्षाला आठ लाखांची नेमणूक करून दिली.