कडी मोडकी आहे, हे सांगावे कुणाला?

शेजाऱ्याच्या मागल्या दाराची कडी मोडकी आहे, हे आपल्या ध्यानात आले तर? चारचौघांत ओरडून सांगावे, तर चोराच्याही कानी जाते. गप्प बसावे, तर चोर आज ना उद्या ती हुडकतोच. शहाणा माणूस शेजाऱ्याला बाजूला घेऊन सांगतो. संगणकाच्या दुनियेत हा पेच नित्याचाच आहे.

२००८ साली डॅन कॅमिन्स्की या अमेरिकन तज्ज्ञांना 'डीएनएस'मध्ये मोठी फट सापडली. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरीच. आपण संकेतस्थळाचे नाव द्यायचे, तिने क्रमांक शोधायचा. तिच्यात खोटा क्रमांक घुसवता येत होता. म्हणजे नाव टाकावे बँकेचे आणि पोहोचावे ठगाच्या दारी!

कॅमिन्स्कींनी गवगवा केला नाही. त्यांनी आधी संबंधित तज्ज्ञांना आणि कंपन्यांना विश्वासात घेतले. ८ जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती दिली. तपशील ऑगस्टमध्ये सांगायचा होता. तो दोन आठवड्यांतच फुटला. पण तोवर औषध बाजारात आले होते.

मात्र शेजारी ऐकूनही ढिम्म राहिला तर? म्हणून मुदत घालतात. गूगलचे 'प्रोजेक्ट झीरो' हे २०१४ साली स्थापन झालेले पथक कंपनीला साधारणपणे ९० दिवस देते. त्यानंतर दोष जाहीर करते. जाहीर होणार म्हटले की आळशीही कामाला लागतो.

मौनाची किंमतही जगाने मोजली आहे. विंडोजमधली एक फट अमेरिकेच्या हेरखात्याने स्वतःच्या वापरासाठी दडवून ठेवली होती. तिची माहिती चोरीस गेली. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली, तरी १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक ओलीस धरले. ब्रिटनमध्ये रुग्णांना इस्पितळांतून परत पाठवावे लागले. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती, तेच प्रामुख्याने सापडले.

आपल्याकडे अशी फट कुणाला आढळली, तर 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेला कळवता येते. कडी मोडकी दिसली म्हणून घरात शिरून पाहू मात्र नये. आणि आपल्या फोनवर 'अपडेट करा' अशी सूचना आली, तर 'नंतर' म्हणून टाळू नका. कुणीतरी आपल्याला बाजूला घेऊन कडीबद्दल सांगत असते. खिळा ठोकणे आपल्याच हाती आहे.