बकासुराचा गाडा थांबलाच पाहिजे!

गिरणीतल्या भावांनो, बहिणींनो,

आमच्या वर्धा जिल्ह्यात केळझर गाव आहे. टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ. हीच जुनी एकचक्रानगरी, असे आमची म्हातारी माणसे सांगतात. तिथे बकासुर होता. गावाने पाळीपाळीने गाडाभर अन्न, गाडा ओढणारे दोन रेडे आणि वर एक माणूस धाडायचा. तो सगळेच खायचा.

भीमाने त्याला मारला म्हणतात. मग आमचा गाडा अजून कुठे चाललाय?

१८७७ साली जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल चालू केली. कापूस वऱ्हाड-वर्ध्याचा, घाम आमच्या आजे-पणज्यांचा. १८८२ साली जमशेदजींनी चांद्याच्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा अहवाल वाचला. पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा पोलादाला चालेना. १९०७ साली पोलादाची कंपनी निघाली, ती जमशेदपूरला गेली. १९४५ साली टेल्कोही तिथेच निघाली आणि १९५४ पासून डेमलर-बेंझच्या साथीने मालमोटारी बनवू लागली. ठीक आहे. जिथे लोखंड-कोळसा, तिथे कारखाना. एवढे आम्हाला कळते.

पण १९६० नंतर टेल्को पिंपरीला आली, ती कुठल्या खाणीसाठी? पिंपरीत लोखंड निघते काय? कुर्ल्याला प्रीमियरच्या मालमोटारी बनत, तिथे कोळसा होता काय? नव्हता! तिथे जागा होती, पाणी होते, वीज होती, बंदराचा रस्ता होता. या गोष्टी जमिनीतून उगवत नाहीत. सरकारने मनावर घेतले की होतात. मग विदर्भासाठी मनावर कोण घेणार?

१९५३ च्या नागपूर कराराने आम्हाला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणात जागा कबूल केल्या. त्या शब्दावर आम्ही मराठी राज्यात आलो. या राज्यासाठी गिरणी कामगारांनी मुंबईत गोळ्या खाल्ल्या. शब्द देणारे गेले, शब्द तसाच पडून आहे.

साहेब लोक म्हणतील, हिंगण्याला ट्रॅक्टर होतात, भंडाऱ्याला १९८२ पासून अशोक लेलँड आहे. आहे, आम्ही नाकारत नाही. भंडाऱ्यात मालमोटारीचे गिअर बॉक्स बनतात. गिअर बॉक्स बनवणाऱ्या हातांना अख्खी गाडी जमणार नाही, असे कोण म्हणतो?

आज एम्प्रेस मिलच्या जागी मॉल उभा आहे. समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला, ७०१ किलोमीटर, आमच्याच जिल्ह्यातून गेला. त्यावरून आमचा कापूस जातो, चंद्रपूरचा कोळसा, भंडाऱ्याचे मँगनीजही बाहेर जाते. आणि गाड्यावर वर कोण बसलाय? आय.टी.आय. शिकलेला आमचा पोरगा! तो चाकणला कंत्राटावर राबतो, आणि इथे म्हातारा-म्हातारी वाट बघतात. अन्न गेले, रेडे गेले, माणूसही गेला. बकासुराने याहून वेगळे काय मागितले होते?

म्हणून आमचे मागणे रोखठोक आहे. विदर्भात अख्ख्या मालमोटारीचा कारखाना काढा. सवलत घेणाऱ्या कारखान्यात ८० टक्के जागा स्थानिकांना, हा सरकारचाच नियम आहे. तो पाळा आणि कारखानावार आकडे जाहीर करा. कंत्राटी पोरांना कायम करा. यंत्रावरच्या धोक्याच्या सूचना आणि नेमणुकीचे कागद मराठीत द्या; न वाचता आलेल्या पाटीने बोटे तुटतात. बंद गिरण्यांच्या कामगारांच्या मुलांना शिकाऊ भरतीत आधी घ्या.

मराठी राज्यात मराठी माणसाला काम नसेल, तर ते राज्य कुणाचे?

एकचक्रेत भीम एकटा होता. आम्ही पाळी-पाळीने हजारो आहोत. भोंगा झाला की गेटवर या!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!