फोटोखाली कुणाचं नाव?

गाण्याच्या कार्यक्रमाचं कुठलंही पोस्टर घ्या. गाणारीचं नाव ठळक अक्षरात, खाली तबला, पेटी, मग निवेदन, ध्वनिव्यवस्था, देणगीदार. ज्या फोटोवर ते पोस्टर उभं असतं तो काढणारीचं नाव मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतं. मी गायक-वादकांचे आणि बँडचे फोटो काढते. तेव्हा हे मी लिहिणं स्वार्थाचं वाटेल. वाटू दे. आपल्या हक्काचं आपणच बोलायचं असतं, हे मी तुमच्यातच शिकले.

फोटो काढणं म्हणजे स्टेजजवळ उभं राहून बटण दाबणं, असा समज आहे. शास्त्रीय मैफलीत फ्लॅश चालत नाही, चालूही नये. अंधुक उजेडात गाणारीचा वर गेलेला हात स्पष्ट यायला हवा. जुन्या कॅमेऱ्यांचा आरसा खाडकन वाजायचा, म्हणून आलाप चालू असताना हात आवरायचा आणि तिहाईवर, टाळ्यांमध्ये फोटो घ्यायचा. त्यासाठी गाणं कळावं लागतं. समेला येतानाचा चेहरा वेगळा, सम गाठल्यावरचा वेगळा. तो येणार हे कानाने ओळखून बोट तयार ठेवायचं. रॉक बँडच्या मोठ्या कार्यक्रमांत तऱ्हा निराळी. पहिली तीन गाणी होईपर्यंतच स्टेजपुढच्या कठड्याच्या आत उभं राहू देतात. दिवे क्षणाक्षणाला लाल-निळे होतात, आणि त्या चिंचोळ्या जागेत आजूबाजूच्या पुरुषांची कोपरं. नंतर रात्री घरी येऊन शेकडो फोटोंतून वीस निवडायचे, कारण आयोजकांना ते सकाळी हवे असतात.

एवढं करून मिळतं काय? ‘पैसे फारसे नाहीत, पण तुझं नाव होईल’ असं सांगतात. म्हणजे पैशांऐवजी नाव. आणि पोस्टर छापून येतं तेव्हा त्यावर नावही नसतं.

इथे कायदा माहीत असायला हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालकी हक्क सहसा तो काढणारीचा. पण कुणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर तो हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. गंमत पाहा, फुकट काढला तर फोटो माझा, हजार रुपये घेतले तर त्यांचा! मात्र याच कायद्याच्या ५७व्या कलमाने, मालकी गेली तरी ‘हे काम माझं आहे’ असं म्हणण्याचा हक्क काढणारीकडेच राहतो. तेव्हा नाव छापणं ही आयोजकांची मेहेरबानी नव्हे.

होमाई व्यारावाला भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात, कारण बाईच्या नावाला वजन नव्हतं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांच्यासारख्या किती जणींचं काम नवऱ्याच्या, भावाच्या, स्टुडिओच्या नावावर गेलं असेल, ते आता शोधून काढायचं कसं? नाव गेलं की इतिहासातला पुरावाच गेला.

‘चळवळीत नावाचा हव्यास कशाला?’ असंही ऐकलं आहे, तेही मैत्रिणींच्या तोंडून. कुणाचंच नाव नसेल तर माझी तक्रार नाही. पण गीत लिहिणारीचं, चाल लावणारीचं, गाणारीचं नाव येतं आणि कॅमेऱ्यामागचीच तेवढी गळते, याला सामूहिकता म्हणत नाहीत. ती घरकामाची गत झाली. केलेलं दिसत नाही, न केलेलं लगेच दिसतं.

हाच न्याय मलाही लागू आहे. मुख्य गायिकेच्या मागे तानपुऱ्यावर बसलेल्या मुलींची नावं मी विचारून फोटोसोबत पाठवते. वर्तमानपत्रवाले ती कापतात, कधी कधी त्या मुलींनाही फोटोतून कापतात. सर्वांत बिकट प्रश्न संगीतबारीतल्या कलावतींचा. त्यांचे नाचतानाचे फोटो प्रदर्शनांत लागतात, कॅलेंडरवर येतात. फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, छापणाऱ्याला पैसे मिळतात. जिचा चेहरा, जिची अदा, तिला कॉपीराइट कायदा त्या फोटोत काहीच देत नाही. तिला विचारणं, फोटोची प्रत देणं आणि फोटो विकला तर तिचा वाटा देणं, हे कायद्यात नसलं तरी आपल्या करारात असू शकतं.

रात्रीच्या कामाबद्दल एकच सांगते. कार्यक्रमाची जागा हीदेखील कामाची जागाच आहे. २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा पगारी नोकरीपुरता नाही; हंगामी आणि रोजंदारीवरच्या स्त्रियाही त्यात येतात. आयोजकांकडे दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. बँडबरोबर फिरणाऱ्या मुलींपर्यंत ही माहिती पोचवण्याचं काम आपल्या गटांनी घ्यायला हवं. कार्यक्रम रात्री उशिरा संपला तर घरी पोचवण्याची सोय कोण करणार, तेही आधीच ठरावं.

त्यासाठी वकील लागत नाही. एका कागदावर दोघांच्या सह्या पुरतात. मोबदला किती आणि कधी, फोटो कुठे कुठे वापरणार, मालकी कुणाची, नाव कसं छापणार, परतीच्या प्रवासाचं काय. माझ्याकडे असा मराठीतला नमुना तयार आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी संपादक मंडळाकडे पत्र पाठवावं. आणि येत्या ८ मार्चच्या कार्यक्रमाला कुणा मुलीला फोटोसाठी बोलावणार असाल, तर पत्रिका छापायला जाण्याआधी तिला हा कागद द्या.