घड्याळ अचूक, पण आभाळ दूर

फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत उभी पिके आडवी केली, आणि पूर्वसूचनेचा प्रश्न केवळ वेधशाळेचा राहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले, त्यातून नवी रडारे उभी राहावयाची आहेत. ती अचूक असावीत, याविषयी दुमत नाही. मात्र अचूकता कशाला म्हणावयाचे, याचा विचार व्हावयास हवा.

डॉप्लर रडार परतणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येतील फरकावरून वाऱ्याचा वेग ठरविते. दहा सेंटिमीटरच्या लहरीची कंपने सेकंदाला ३०० कोटी. सेकंदाला १० मीटर वेगाने जवळ येणाऱ्या थेंबांमुळे त्यांत पडणारा फरक अवघा २००! तेव्हा यंत्राचे स्वतःचे घड्याळ जराही डगमगून चालत नाही. येथे प्रकाशतंतू उपयोगी पडतो. काही किलोमीटर लांबीच्या काचतंतूच्या वेटोळ्यातून प्रकाश फिरवून अत्यंत स्थिर कंपने मिळविता येतात. लेसरच्या आधारे चालणारे रडार इटलीतील संशोधकांनी २०१४ मध्ये जगापुढे ठेवलेही.

परंतु अवर्षणप्रवण अहिल्यानगर जिल्ह्यातील भिंगारचे उदाहरण घ्या. मुंबई आणि सोलापूर दोन्ही तेथून हवाई अंतराने सुमारे २०० किलोमीटर. इतक्या अंतरावर, पृथ्वीच्या गोलाईमुळे, रडारचा सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंच जातो. मुंबईच्या बाजूस सह्याद्री आडवा. उंच ढगातील गारा कदाचित दिसतील. जमिनीलगतचे वादळ झोताखालून निघून जाईल. शिवाय एकटे रडार वारा आपल्याकडे येतो की दूर जातो एवढेच मोजते. त्याची खरी दिशा मोजावयास दुसऱ्या ठिकाणच्या रडारची जोड लागते. घड्याळ कितीही सुधारले तरी ही उणीव भरून निघत नाही.

संशोधन थांबवावे, असा याचा अर्थ नव्हे. पण सार्वजनिक पैशाची कसोटी एकच : पुढचा रुपया कोठे अधिक फळ देतो? जेथे आभाळावर जवळून नजर ठेवणारे यंत्रच नाही, तेथे दूरच्या यंत्राची सूक्ष्मता वाढविण्यापेक्षा लहान रडारे जवळ बसविणे अधिक हिताचे. ती परस्परांशी जोडणे आणि त्यांची सूचना वेळेत गावाच्या चावडीपर्यंत पोहोचविणे, हे प्रकाशतंतूचे येथील पहिले काम होय. ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याची योजना २०११ मध्येच मंजूर झालेली आहे. काढणीला आलेला कांदा झाकावयास शेतकऱ्याला तासभर मिळाला, तरच ती अचूकता कारणी लागली म्हणावयाची.